टेबलाची पानगळीतली जागा

आमच्या वहिनींनी सव्वीस वर्षे मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम केले. सकाळी दोनशे ताटे, संध्याकाळी दोनशे. तिथे त्या एक नियम शिकल्या आणि तो त्यांनी घरीही आणला: वस्तू हाताला सापडली पाहिजे, डोळ्याला नव्हे. डोळे उकळत्या पातेल्यावर असतात, मिठाचा डबा शोधायला ते मोकळे नसतात. म्हणून आमच्या घरी मिठाचा डबा पोचे पडलेला, साखरेचा उंच, चहाचा चौकोनी आणि करकरणाऱ्या झाकणाचा. वर्षानुवर्षे त्यांच्या जागा त्याच. कुणी डबा दोन बोटे सरकवला तरी वहिनींना कळायचे. "माझ्या राज्यात कोण शिरलं होतं?" असे त्या विचारायच्या. घरात माझ्याशिवाय दुसरे कुणी नसायचे, तरी विचारायच्या.

मी त्यांचा धाकटा दीर. छापखान्यात खिळे जुळवायचो, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळी लावायचो. ज्या वर्षी छापखाना बंद पडला त्याच वर्षी माझा भाऊ गेला, आणि बिनलग्नाचा मी माझी खोली सोडून वहिनींकडे राहायला आलो. त्याला अकरा वर्षे झाली. दुसऱ्यांचे लिहिलेले जुळवण्यात माझा जन्म गेला, स्वतःचे काही लिहायला हात धजत नाही. पण वहिनींविषयी हे लिहिले पाहिजे असे वाटते, कारण यात माझी चूक आहे आणि ती मी अजून कुणाजवळ पुरती कबूल केलेली नाही.

पानगळीचे दिवस आले की वहिनी स्वयंपाकघर थंडीसाठी मांडायच्या. गल्लीतल्या झाडांची पाने उंबऱ्याशी गोळा होऊ लागली, खिडकीच्या फटीतला वारा घोट्यांना लागू लागला, की एका रविवारी फर्मान निघायचे, "आज टेबल हलवायचं." उन्हाळाभर खिडकीशी असलेले टेबल गॅसशेजारच्या भिंतीला जायचे. खिडकीला जाड पडदा लागायचा. टेबलाखाली पाय ठेवायला जुन्या कांबळ्याची घडी. छतावरचा पांढरा दिवा बंद आणि भिंतीवरचा पिवळा चालू. मग दिवसभर मोठ्या पातेल्यात काहीतरी मंद आचेवर रटरटत असायचे आणि काचांना घाम सुटलेला असायचा. चार महिने सगळे घर त्या टेबलाशी राहायला यायचे. भाऊ तिथेच दाढी करायचा. पुतणी तिथेच अभ्यास करता करता पेंगायची. "बाकीच्या खोल्या भाड्याने देऊन टाका," असे भाऊ म्हणायचा. मी त्या काळी पाहुणा म्हणून यायचो, आणि परत माझ्या खोलीवर जाताना पाय निघत नसे.

तीन वर्षांपूर्वीच्या पानगळीत वहिनी म्हणाल्या, "यंदा राहू द्या. कशाला हलवाहलव?" पुढची दोन वर्षेही तेच.

पुतणीला हे फार लागले. तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून ती एका जागी टिकली नाही आणि कुठेही गेली तरी काहीतरी उचलून आणल्याशिवाय परतली नाही. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहते आणि एका मोठ्या दुकानासाठी घरसामानाची खरेदी पाहते. आईचे मन उडाले, बाबांच्या आठवणीने ती आतून खचली, असे तिने ठरवून टाकले.

मला खरे कारण तिच्या आधी कळले होते. खिळे जुळवणारा माणूस अक्षरांकडे बघत नाही. उथळ पेटीत लहान लहान खण असतात, आणि कोणते अक्षर कोणत्या खणात ते बोटांना पाठ असते. डोळे समोरच्या कागदावर असतात. पण ते कुठेतरी असतात. वहिनींचे हात वस्तूंवर जायचे तेव्हा त्यांचे डोळे कुठेच नसायचे. चहा ओतताना त्या कपाच्या काठावरून एक बोट आत सोडू लागल्या होत्या. बोटाला चटका बसला की ओतणे थांबायचे. संध्याकाळी दिवा लावायचा राहून जायचा आणि त्या अंधारातच भाजी चिरत असायच्या, बारीक, एकसारखी.

एकदा मी भाजीची पिशवी दारातच ठेवली आणि त्या तिला अडखळल्या. पडल्या नाहीत. चौकट धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, वाटेत काही ठेवत जाऊ नका. आणि मुंगीच्या कानावर काही घालू नका."

"काय घालू नको?"

"तेच, जे तुम्हाला दिसतंय."

यापलीकडे त्या विषयावर आम्ही तीन वर्षे कधी उघडपणे बोललो नाही. मुंगीला कळले तर ती आईला तिच्याकडे घेऊन जाणार, हे आम्हा दोघांना माहीत होते. तिने खोलीसुद्धा तयार ठेवली होती. "तिथे मला खुर्ची देतील," वहिनी म्हणायच्या, "चांगली, गादीची. आणि म्हणतील, आई, तू बस." बस हा शब्द त्या असा उच्चारायच्या की जणू कुणी शिवी दिली आहे. डॉक्टरकडे जाऊ, असे मी एकदा चाचरत म्हणालो. जाऊ की, म्हणाल्या, आणि विषय संपला. मी पुन्हा काढला नाही. माझा स्वार्थही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. वहिनी गेल्या असत्या तर हे घर आवरले असते, आणि मग माझे काय, हे कुणी बोललेले नव्हते.

या वर्षी पाने गळू लागली आणि वहिनींची बहीण पायरीवरून घसरली. तिला बघायला त्या दोन दिवसांसाठी गेल्या. बहिणीचा जावई गाडी घेऊन आला होता, त्याचा हात धरून गाडीत बसल्या. मला सांगून गेल्या की गॅसजवळ जाऊ नका, पाव आहे, सूप आहे, उपाशी मरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी दारात. मागे नवरा, त्याच्या दोन्ही हातांत सामान. विटकरी रंगाचा जाड पडदा, लोकरी सतरंजी, वेताच्या टोपल्या, दोन पिवळे दिवे, खुर्च्यांच्या उशा, आणि काचेच्या चौदा बरण्या, सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांना लाकडी झाकणे.

"काका, आईचं स्वयंपाकघर पूर्वीसारखं करायचंय," ती म्हणाली. "पानगळीतलं. ती आली की बघतच राहील."

मी म्हणालो की आईला विचारले असते तर बरे झाले असते. विचारले की ती नकोच म्हणते, मुंगी म्हणाली, म्हणून तर ती नसताना आले. तिचा चेहरा इतका उजळलेला होता की माझ्या तोंडून पुढचे शब्द फुटेनात. ते शब्द जिभेवर होते, हे मी देवाशपथ सांगतो. पण जिभेवर असणे म्हणजे सांगणे नव्हे.

मग मी तिला मदत केली. नवरा कामावर निघून गेला तेव्हा टेबलाचे दुसरे टोक मी धरले. पडद्याचे खिळे मी हातात दिले. मिठाचा पोचे पडलेला डबा, साखरेचा, चहाचा, सगळे रिकामे करून मुंगीने एका पोत्यात भरले आणि पोते मागच्या गॅलरीत ठेवले. बरण्या ओळीने मांडल्या. मग तिने माझ्यापुढे कोऱ्या पट्ट्या आणि जाड पेन ठेवले. "तुमच्या अक्षरासारखं अक्षर कुणाचं आहे? ठळक लिहा, आईला लांबून दिसेल असं."

मी चौदा पट्ट्या लिहिल्या. मीठ. साखर. चहा. प्रत्येक अक्षर घोटून, ओळी सारख्या, बाजूला मोकळी जागा सारखी. ज्या बाईला त्यातले एक अक्षर वाचता येणार नाही हे मला माहीत होते, तिच्यासाठी मी आयुष्यातले सर्वात सुबक काम केले. हीच ती चूक. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चालले असते.

खरे सांगायचे तर स्वयंपाकघर सुंदर झाले होते. पिवळ्या उजेडात पडदा निखाऱ्यासारखा दिसत होता.

दुपारी वहिनी आल्या. मुंगीने दारातच त्यांना डोळे मिटायला लावले, खांद्याला धरून आत नेले आणि म्हणाली, "आता उघड."

वहिनींनी डोळे उघडले. क्षणभर थांबून म्हणाल्या, "अगं बाई. छान. किती छान केलंस." आवाज अगदी बरोबर होता, मलाही क्षणभर खरा वाटला. मग त्यांनी श्वास आत घेतला. नव्या कापडाचा वास येत होता. डब्यांचा, जुन्या लाकडाचा, त्यांच्या घरचा वास नव्हता.

मुंगी म्हणाली की आता पहिला चहा तुझ्या हातचा. वहिनी म्हणाल्या, आज तूच कर, मी दमलेय. पण मुंगी ऐकेना. तिने लाडाने आईला ओट्याकडे ढकलले. गॅस, पातेले, नळ कुठे जाणार? तिथवर सगळे ठीक झाले. मग वहिनींचा हात चहाच्या डब्याकडे गेला. चहा जुन्या जागीच होता, त्यांच्या नशिबाने. साखरेच्या जागी मुंगीने मीठ ठेवले होते.

मुंगीने घोट घेतला आणि हसतच थुंकला. "आई, मीठ घातलंस. काकांनी एवढं डोळ्यात भरेल असं लिहून ठेवलंय..." आणि ती थांबली. तिने बरणीकडे पाहिले, मग आईकडे.

वहिनी कप घेऊन टेबलाकडे वळल्या होत्या, खिडकीच्या बाजूला. पायाखाली सतरंजीची कड आली. हात पुढे गेला, आणि जिथे टेबल असायला हवे तिथे काहीच नव्हते. त्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. एका हातात कप, दुसरा हात हवेत. पुढेही जाईनात, मागेही येईनात.

"भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "टेबल कुठे आहे?"

मी उठून त्यांचा हात धरला आणि टेबलावर ठेवला. अकरा वर्षांत मी त्यांचा हात पहिल्यांदा धरला. तो थंडगार होता.

मुंगीने कप खाली ठेवला. तिने मला बाहेरच्या खोलीत नेले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

मी सांगितले.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही तिथे बसून नुसता पेपर वाचत होतात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेलेला, उजव्यात एक धुरकट फट उरलेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, बहुधा. "आधी आला असतात तर," असे म्हणून त्या बाई कागदावर लिहू लागल्या. वाक्य त्यांनी अर्धेच सोडले. मुंगीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी मुंगीने सांगितले की पुढच्या रविवारी ती आईला न्यायला येणार. वहिनी म्हणाल्या, "आधी माझं घर होतं तसं लावून द्या. मग रविवारी ये आणि मला बघ. बघितल्यावर ने, नाहीतर नेऊ नको." मुंगीने मान हलवली, मग आठवून तोंडाने हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतले पोते आत आणले. वहिनी खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. कोणता डबा कुठे ते मला पाठ होते, ती पेटीच होती माझ्यासाठी. तरी त्या दरवेळी हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "अर्धं बोट मागे." टेबलाच्या पायांचे लादीवर डाग पडले होते, त्यावर मी ते बरोबर बसवले. सतरंजी गुंडाळली. पडदा काढू लागलो तर म्हणाल्या, "तो असू द्या, वारा अडतोय. आणि पट्ट्या फेकू नका, डब्यांवर लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, घरात शिकलेला माणूस आहे." त्या दिवसांतला तो एवढाच विनोद, आणि तो मला पुरेपूर लागला.

रविवारी सकाळी, मुंगी यायच्या दोन तास आधी, दूध वर आले. वहिनी घाईत होत्या. सांडशी जागेवर होती, पण त्यांनी फडक्यानेच पातेले उचलले, आणि फडक्याचे लोंबते टोक पेटले. मी बाहेरून वासाने धावत आलो तोवर त्यांनी ते मोरीत टाकून वर नळ सोडला होता. डाव्या मनगटावर लाल पट्टा उठला होता. मी तेल आणायला निघालो तर त्या म्हणाल्या, तेल नको, पाण्याखालीच धरते. बराच वेळ धरला. मग लांब बाह्यांचा झगा घालून आल्या.

"बाही खाली ओढली की दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हो की नाही, भावोजी?"

दिसत नव्हते.

मुंगी आली. टेबलाशी बसली. वहिनींनी तीन कप चहा केला. हात एकदाही चाचपडला नाही, पोचे पडलेल्या डब्याकडे वळलासुद्धा नाही. तीन कप तिघांपुढे आले, एक थेंब न सांडता. फक्त ओतताना ते बोट कपात गेले, आणि मुंगीने ते पहिल्यांदा पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने आवाज होऊ दिला नाही, पण वहिनी म्हणाल्या, "नाक पूस."

मुंगी हसली, रडता रडता. "ठीक आहे," ती म्हणाली. "राहा इथेच."

वहिनींचे खांदे खाली आले. मी त्या खांद्यांकडे पाहत होतो. तीन वर्षांचे ओझे उतरताना दिसत होते. आता मी फक्त चहा प्यायचा होता. ते काम मला उत्तम जमते.

"सकाळी फडकं पेटलं होतं," मी म्हणालो. "त्यांचं मनगट भाजलंय. डावं."

मुंगीने आईची बाही वर केली आणि पाहिले. वहिनींनी तोंड माझ्याकडे वळवले, अगदी नेमके, जणू त्यांना स्पष्ट दिसत होते.

"घरभेदी," त्या म्हणाल्या.

मला वाटले, आता संपले. मी घरही घालवले आणि वहिनीही. मुंगी बराच वेळ मनगटावर फुंकर घालत बसली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारले, "काका, पुन्हा असं काही झालं, तर मी न विचारता सांगाल?"

"सांगेन."

"आई रागावली तरी?"

"रागावल्याच आहेत."

तिने बाही खाली केली. तिच्या घरी दिवसभर कुणी नसते, हे ती पहिल्यांदाच बोलली. चौथ्या मजल्यावर आई एकटी बसणार, आणि काही झाले तर सांगायला भिंती. इथे निदान सांगणारे एक माणूस आहे, आजपासून. तिने अटी घातल्या. गॅस जाणार, आपोआप बंद होणारी विजेची शेगडी येणार. स्वयंपाक चालू असताना मी तिथून हलायचे नाही. थेंब सकाळ-संध्याकाळ, चुकता कामा नयेत. थंडी संपल्यावर डॉक्टरीणबाई पुन्हा तपासतील, तेव्हा पुन्हा बोलू.

वहिनी सगळ्याला हो म्हणाल्या. माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. ताट समोर यायचे, आदळायचे नाही, पण ठेवल्यासारखेही वाटायचे नाही. थेंब घालताना मान मागे करायच्या आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या.

पाचव्या दिवशी वारा सुटला. बाहेर पानांचा नुसता सडा. मी खिडकीशी माझ्या खुर्चीत होतो.

"भावोजी," त्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "टेबल हलवायचं का?"

मी विचारले की जमेल का, आता कुठे हाताला जागा बसली आहे.

"जुनीच जागा आहे ती. हलवलं असतं तर चार दिवस धडपडले असते, आणि मुंगी नेमकी त्याच दिवसांत आली असती. म्हणून तीन पानगळी तशाच गेल्या." त्यांनी हात पुसले. "आता काय, गावभर झालंय. धडपडते बिनधास्त."

टेबलाचे एक टोक त्यांनी धरले, एक मी. मुंगीची सतरंजी त्यांना नको होती, जुन्या कांबळ्याची घडी हवी होती. ती घातली. पिवळा दिवा लावला. मग त्या दारातून टेबलापर्यंत चालल्या, पावले मोजत, परत गेल्या, पुन्हा चालल्या. दोनदा कोपरा कमरेला लागला. दुसऱ्यांदा त्यांनी टेबलाला काय म्हटले ते मी इथे लिहीत नाही.

मी माझी खुर्चीही टेबलाजवळ ओढू लागलो, तर त्यांनी आवाजावरून ओळखले.

"ती राहू द्या तिथेच. तुमच्या पेपराच्या सळसळीवरून मला खिडकी कळते. घरभेद्याचा तेवढा तरी उपयोग."

म्हणून मी आता तिथेच बसतो. पिवळ्या दिव्याचा उजेड तिथवर पुरत नाही, संध्याकाळी अक्षर दिसत नाही. तरी पाने उलटत राहतो. सात वाजता पेपर घडी करून ठेवायचा आणि थेंब घालायचे. "पडला का?" त्या विचारतात. कधी डोळ्यात पडतो, कधी गालावर ओघळतो. ओघळला की मी सांगतो, ओघळला, आणि पुन्हा घालतो.